सुटा भाग

लष्कराच्या खरेदीचा विषय निघाला की आमच्या पणदऱ्यात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, दिल्लीतले बाबू फायलीवर बसून राहतात, म्हणून सीमेवरच्या पोराला वेळेत काही मिळत नाही. दुसरा म्हणतो, तो जमाना गेला. आता कुठं गडबड झाली की सरकार वर्षाच्या आत सगळं आणून देतं. चहा पिता पिता मी दोघांचं ऐकून घेतो. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबरच असतं. पण दोघांनाही वस्तू खोक्यातून बाहेर येते तेवढीच दिसते. सहा महिन्यांनी ती बंद पडते तेव्हा तिथं फोटोवाले नसतात, आमच्यासारखे पानेवाले असतात.

मी १९९४ साली ईएमईत भरती झालो. ईएमई म्हणजे सैन्याचं दुरुस्ती खातं. ट्रक, तोफ, रेडिओ, रात्रीची दुर्बीण, जे बंद पडेल ते चालू करून द्यायचं. सिकंदराबादला ट्रेनिंग झालं, मग जम्मू, राजस्थान, लडाख, मध्ये काही काळ खडकीचं बेस वर्कशॉप, आणि २०२२ साली सुभेदार म्हणून घरी आलो. आता पणदरे एमआयडीसीत भाच्याचं लहानसं मशीन शॉप आहे, तिथं इन्स्पेक्शन बघतो. सीएनसी, एक व्हीएमसी आणि कोपऱ्यात जुना लेथ, एवढाच पसारा. गाड्यांच्या पार्टवर चालणाऱ्या त्या शॉपमध्ये अलीकडे संरक्षण खात्याच्या पुरवठादारांचेही जॉब येऊ लागलेत. म्हणजे नोकरीत वस्तू वापरणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, आता बनवणाऱ्यांच्या बाजूला बसून खातो.

माझं एक मत या दोन्ही खुर्च्यांवर बसून पक्कं झालंय. नवी वस्तू लवकर पोचवणं अवघड आहे खरं, पण ती पोचल्यावर चालू ठेवणारं किडूकमिडूक तिच्याबरोबर पोचवणं त्याहून अवघड आहे, आणि घाईत हेच पहिल्यांदा राहून जातं.

भरती झालो तेव्हा आमचे उस्ताद लोक रशियन सुट्या भागांचं रडगाणं गायचे. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन फुटलं. ज्या कारखान्यांतून रणगाड्यांचे, रडारचे पार्ट यायचे त्यातले काही रशियात राहिले, काही युक्रेनमध्ये गेले. पत्र कुणाला लिहायचं, पैसे कुठल्या चलनात द्यायचे, काहीच ठरेना. त्याच काळात, १९९१ ते १९९३, आपल्या बारामती तालुक्याचे शरद पवार संरक्षणमंत्री होते. गावात त्याचा केवढा अभिमान! आणि पुढं मी गेलो तेव्हा वर्कशॉपमध्ये उस्ताद सांगायचे, मंत्री कुणीही असो, आपल्याकडं गॅस्केट नाही. मी तेव्हा क्राफ्ट्समन होतो, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. एका बंद गाडीचा भाग काढून दुसरीला लावायचा आणि दुसरी चालू करायची, ही आमची पहिली शिकवणी. तिला कॅनिबलायझेशन म्हणतात. रजिस्टरमध्ये दोन गाड्या असतात, रस्त्यावर एकच धावते.

१९९९ ला कारगिल झालं. तेव्हा मी द्रासच्या मागे एका वर्कशॉपमध्ये होतो. रात्रंदिवस तोफांचं काम चालू होतं. वरून खरेदीचे अधिकार मोकळे केले, माणसं परदेशात धावली, करार झाले. पुढं २००१ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, त्यात निघालं की त्या घाईत मागवलेला बहुतेक माल जुलैमध्ये लढाई थांबल्यानंतर पोचला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आम्हाला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. कारखाना काही दुकान नव्हे, की मापाची पेटी फळीवर तयार ठेवलीय. ऑर्डर पडल्यावर तो पोलाद मागवतो, मग फोर्जिंग, मशीनिंग, चाचणी. जूनमध्ये मागितलं तर जुलैत कुठून येणार?

कारगिलनंतर मंत्रिगट नेमला गेला, त्यातून २००२ ची नवी खरेदी पद्धत निघाली. मग दर काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती, २०१६ ची, २०२० ची. पुस्तक जाड होत गेलं. त्याला हसणं सोपं आहे, पण त्यातलं कलम न् कलम कुठल्या तरी भानगडीतून आलेलं आहे. बोफोर्सचा करार १९८६ चा. तोफ उत्तम, कारगिलला तिनंच तारलं. पण दलालीच्या धुरळ्यानं असा धसका बसला की त्यानंतर तीस वर्षं नव्या मोठ्या तोफेचा करार करायला कुणी धजावलं नाही. सही केली तर चौकशी लागू शकते, नाही केली तर कुणी विचारत नाही. अशा खात्यात माणूस सही का करील? मी अधिकाऱ्यांना दोष देत नाही. पेन्शन जवळ आलेल्या माणसाचा हात सहीला थरथरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

फाइल चालते कशी, ते एकदा सांगतो. युनिटकडून गरज जाते. मुख्यालयात जीएसक्यूआर लिहिला जातो, म्हणजे वस्तू किती वजनाची, किती लांब मारणारी, किती थंडीत चालणारी, याची यादी. मग मंत्रालयात ‘गरज मान्य’ असा शिक्का. मग कंपन्यांना प्रस्ताव मागवायचे, कागदांची तांत्रिक छाननी, मग मैदानावर चाचणी, तिचं मूल्यमापन, मग किमतीची घासाघीस, वित्तवाल्यांचे शेरे, आणि रक्कम मोठी असेल तर मंत्रिमंडळाची सुरक्षा समिती. यातलं एकही टेबल बिनकामाचं नाही. पण एका टेबलावरून दुसऱ्यावर जाताना कागद किती दिवस पडून राहतो, याला कुणी वाली नाही. धुळ्याचे खासदार डॉ. सुभाष भामरे संरक्षण राज्यमंत्री होते, तेव्हा त्यांनी २०१७ साली खात्यातच याचा अभ्यास केला. पेशानं कर्करोगाचे सर्जन, तेव्हा गाठ नेमकी कुठं आहे हे बघायची सवय असणार. आधीच्या तीन वर्षांतल्या १४४ प्रस्तावांपैकी जेमतेम आठ ते दहा टक्के ठरल्या मुदतीत पार पडले होते. जबाबदार असा एक माणूस कुठंच सापडत नाही, हेही त्यांनी नोंदवलं.

बुलेटप्रूफ जॅकेटांचं उदाहरण तर सैन्यात प्रत्येकाला तोंडपाठ आहे. १ लाख ८६ हजार जॅकेटांची गरज २००९ साली मान्य झाली. मधल्या चाचण्यांत बहुतेकांचा माल नापास. मनोहर पर्रीकर मंत्री असताना २०१६ मध्ये तात्पुरती सोय म्हणून ५० हजार घेतली. मूळ संख्येचा करार व्हायला एप्रिल २०१८ उजाडला, ६३९ कोटींचा. नऊ वर्षं! त्या अवधीत भरती झालेला जवान नाईक झालेला असतो. पर्रीकर मुळात आयआयटीचे इंजिनिअर. अपेक्षांच्या या याद्या कॉमिक्समधल्या महानायकांसाठी लिहिल्यासारख्या वाटतात, असं ते जाहीरपणे बोलले होते. जगात कुठंच नसलेली बंदूक मागायची आणि मिळाली नाही म्हणून टेंडर रद्द करायचं, असं घडलेलंही आहे. दोन वेगवेगळ्या गोळ्या झाडणारी, नळी बदलता येणारी रायफल सैन्याला हवी होती. चार वर्षांच्या खटपटीनंतर २०१५ मध्ये तो नाद सोडला. मग २०१९ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सिग सावरच्या ७२,४०० रायफलींचा करार घाईच्या मार्गानं झाला आणि त्याच डिसेंबरात पहिल्या रायफली आल्या. मागणी साधी केल्याबरोबर वस्तू दारात.

चाचण्यांच्या कामात मी स्वतः होतो. वापरणाऱ्या पलटणी वस्तू चालवून बघतात आणि ईएमई ती उघडून बघते. त्याला मेंटेनेबिलिटीची ट्रायल म्हणतात. कंपनीची तरुण इंजिनिअर पोरं आलेली असतात, लॅपटॉप, टाय, राजस्थानातला मे महिना. त्यांचा माल चांगला असतो आणि चाचणीचा खर्चही तेच सोसतात, ऑर्डर मिळेल याची कसलीही हमी नसताना. आमचे प्रश्न मात्र त्यांना खुळचट वाटायचे. हा फिल्टर बदलायला किती वेळ लागतो? कुठला पाना लागतो? हातमोजा घालून हा बोल्ट फिरतो का? एकदा एका यंत्राचं पाठीमागचं कव्हर ज्या चावीनं उघडायचं, ती चावी कंपनीच्या माणसाच्या खिशात होती, आमच्या टूल किटमध्ये तशी नव्हतीच. “सर, वो तो हमारा सर्व्हिस इंजिनिअर लेके आएगा,” तो म्हणाला. आमच्या कर्नलसाहेबांनी शांतपणे विचारलं, “चौकीवर येणार का तो?” पोरगा लाजला आणि त्यानं वहीत लिहून घेतलं. पुढच्या खेपेला साधे बोल्ट लावून आला. हा फायदा कुठल्याही अहवालात दिसत नाही, चाचणीला लागलेले महिने तेवढे दिसतात.

आणि महिने लागतात त्याचं एक कारण दिल्लीत नसतं, आभाळात असतं. वाळवंटाची चाचणी उन्हाळ्यातच व्हायला हवी, उंचावरची हिवाळ्यातच. कंपनीचं यंत्र बंदरात कस्टममध्ये अडकलं, किंवा मंजुरीचं पत्र डिसेंबरऐवजी मार्चमध्ये निघालं, की बर्फ वितळून जातो आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत सगळं ठप्प. आमच्याकडे वाफसा चुकला की ट्रॅक्टर दारात उभा असूनही पेरता येत नाही, तसं. तीन महिन्यांचा उशीर कागदावर तीनच महिने असतो, मैदानावर त्याचं वर्ष होतं. खरेदीचं वेळापत्रक आखणाऱ्यांपैकी किती जणांच्या भिंतीवर हवामानाचं कॅलेंडर असतं, कोण जाणे.

जून २०२० मध्ये गलवान घडलं. त्या हिवाळ्यात मी पूर्व लडाखमध्ये, तांगत्सेकडं होतो. एवढी माणसं इतक्या उंचावर एकदम चढवली गेल्याचं मी आधी कधी बघितलं नव्हतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत महालेखापरीक्षकांचा उंचावरच्या कपड्यांवरचा अहवाल संसदेत आला होता. बर्फातल्या चष्म्यांचा तुटवडा, बुटांची नवी खेप न आल्यानं जुनेच बूट दुरुस्त करून वापरलेले, जुन्या मापदंडाचे मुखवटे आणि स्लीपिंग बॅगा. अहवाल मागच्या वर्षांचा होता, पण थंडी नव्यानं येणार होती.

या वेळी तातडीच्या खरेदीचा मार्ग खुला केला. ३०० कोटींच्या आतली कामं सैन्यदलांनी स्वतःच्या अधिकारात करायची, सहा महिन्यांत करार, वर्षभरात माल. आणि तो आला. माझ्या सगळ्या नोकरीत इतक्या वेगानं इतकी नवी खोकी उतरलेली मी पाहिली नव्हती. नवी मुंबईच्या आयडियाफोर्जला जानेवारी २०२१ मध्ये स्विच ड्रोनची ऑर्डर मिळाली. आयआयटी मुंबईच्या पोरांची कंपनी; ‘थ्री इडियट्स’मध्ये उडतं यंत्र दिसतं ना, ते यांचंच. पुण्याच्या भारत फोर्जला फेब्रुवारीत १७८ कोटींची कल्याणी एम-फोर गाड्यांची ऑर्डर मिळाली. मराठी मुलखात बनलेल्या वस्तू लडाखच्या रस्त्यावर बघताना बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता किडूकमिडूक सांगतो. त्या घाईच्या खरेदीत आमच्याकडं रात्री बघायचं एक यंत्र आलं होतं, हातात धरून डोळ्याला लावायचं. नाव आणि कंपनी सोडून देतो. काच अव्वल, चित्र स्वच्छ, पोरं खूश. बॅटरीच्या तोंडावर ॲल्युमिनियमचं आट्याचं झाकण होतं, रुपयापेक्षा थोडं मोठं. आटे बारीक, पाऊण मिलिमीटर पिचचे, आत पाणी जाऊ नये म्हणून खाली रबराची रिंग. टेबलावर बसून लावलं तर छान बसतं. पण उणे वीस-पंचवीसमध्ये बॅटरी लवकर उतरते, म्हणजे झाकण सारखं उघडावं लागतं. अंधार, वारा, एकावर एक दोन हातमोजे. मोजा काढला तर बोट धातूला चिकटतं. पोरं मोज्यानिशीच झाकण फिरवायची, बारीक आटा तिरका चढायचा, मग जोर लावायचा, मग आटा गेला. नाहीतर झाकण बोटातून निसटून बर्फात. झाकणाशिवाय बॅटरीचा संपर्क जुळत नाही. लाखमोलाचं यंत्र, शंभर-दोनशे रुपयांच्या झाकणापायी आंधळं.

मागणी पाठवायची तर पार्ट नंबर लागतो. तो नव्हता. नेहमीच्या खरेदीत कंपनीला सुट्या भागांची शिफारस-यादी द्यावी लागते, पुस्तिका द्यावी लागते, आमच्या माणसांना शिकवावं लागतं. तातडीच्या खरेदीत जे उडवता येईल ते उडवलं जातं आणि हा भाग पहिल्यांदा उडतो, कारण त्यावाचून खोकं काही अडत नाही. कंपनीचं म्हणणं, यंत्र परत पाठवा, वॉरंटीत आहे. लडाखमधून, हिवाळ्यात! जोजीला खिंड बंद, विमानात जागा आधी माणसांना आणि औषधांना. झाकणासाठी यंत्र दोन महिने खाली पाठवायचं म्हणजे चौकी दोन महिने आंधळी.

आमच्याकडं मशिनरी लॉरीत लेथ होता. भंगारातली ॲल्युमिनियमची कांडी घेतली, एका धड झाकणाचं माप व्हर्नियरनं घेतलं, पिच गेजनं आटा तपासला. लेथचं तेल गारठून मधासारखं झालेलं, म्हणून आधी खाली हीटर लावून गरम करायचं, मग मशीन फिरायचं. पहिली कापलेली झाकणं घट्ट झाली, मग जमली. बाहेरच्या कडेला मोठी नर्लिंग, म्हणजे खरबरीत खाचा, दिली म्हणजे मोज्यात पकड मिळेल. कडेला बारीक भोक पाडून दोरी ओवली आणि ती यंत्राच्या कड्याला बांधली, म्हणजे निसटलं तरी लोंबत राहील. वॉरंटी तुटेल का, हा प्रश्न कॅप्टनसाहेबांना विचारला. तरुण माणूस, हसला. “साब, लिखके मत पूछो, बनाके दो.” बनवून दिली, आणि लिहूनही पाठवलं. दोषाचा अहवाल रीतसर, फोटोसकट. उत्तर येईपर्यंत माझी बदली झाली होती.

यावरून घाईची खरेदी वाईट, असा अर्थ कुणी काढू नये. ती यंत्रं आली नसती तर काय केलं असतं याचा मी विचारही करत नाही. पण घाईत आतलं बघायचं राहतं हे खरं. तातडीनं मागवलेल्या ४०० ड्रोनचे करार सरकारनं २०२५ च्या सुरुवातीला रद्द केले, आत चिनी भाग निघाले म्हणून. ज्याच्याविरुद्ध वापरायचं, त्याचाच माल पोटात. उघडून बघायला किती वेळ लागला असता?

याच्या उलट एक गोष्ट आमच्या पुण्याशी जोडलेली आहे. महूच्या इन्फंट्री स्कूलमधले लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पाषाणची एआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा यांनी मिळून ‘अस्मि’ नावाचं ९ मिलिमीटरचं मशीन पिस्तूल केलं. चार महिन्यांत! वापरणारा पायदळातला अधिकारी आणि बनवणारे शास्त्रज्ञ एकाच टेबलावर बसले, काही भाग थ्री-डी प्रिंटिंगनं काढले, किंमत पन्नास हजारांच्या आत ठेवली. जानेवारी २०२१ मध्ये ते जगासमोर आलं. आणि सैन्याची पहिली ऑर्डर, ५५० नगांची, उत्तर कमांडसाठी, हैदराबादच्या लोकेश मशिन्सला मिळाली ती एप्रिल २०२४ मध्ये. डोक्यातून हातात यायला चार महिने, हातातून कमरेला यायला तीन वर्षांच्या वर. आमच्या पणदऱ्यातल्या दोन्ही पक्षांना मी हे उदाहरण देतो, दोघंही आपलंच म्हणणं खरं ठरलं म्हणून टाळी देतात.

घरी आलो तर भाच्याच्या शॉपमध्ये वेगळीच तऱ्हा. आम्ही साखळीतली तिसरी-चौथी कडी. सैन्य मोठ्या कंपनीला काम देतं, ती मधल्या पुरवठादाराला, तो आम्हाला. मागच्या वर्षी एक ड्रॉइंग आलं. कंपनी दुसरी, यंत्र दुसरं, पण ते उलगडलं आणि मी हसायलाच लागलो. बॅटरीचं झाकण, बारीक आटा, गुळगुळीत कड, दोरीला भोक नाही.

“हे बदलायला पाहिजे,” मी म्हणालो.

“मामा, ड्रॉइंगमध्ये जे आहे ते कापायचं. आपण शहाणपण केलं आणि लॉट रिजेक्ट झाला तर भरणार कोण?”

त्याचं बरोबरच होतं. मटेरियलचं सर्टिफिकेट, ॲनोडायझिंगची जाडी, आट्याचं गो-नोगो गेज, प्रत्येक नगाची नोंद. एवढं सांभाळताना त्याचा जीव मेटाकुटीला येतो. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का दंड, तो वरून खाली झिरपत शेवटी आमच्याच बिलातून कापला जातो. माल तयार होऊन पेट्यांत पडलेला असतो आणि तपासनीस यायची तारीख पुढं जात असते. कारखान्यांचा सीझन असला की नीरा-बारामती रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला, तेवढ्यात पुण्याहून निघालेल्या साहेबांचा फोन येतो की आज जमत नाही. कायद्यानं लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकवायला हवं. बँकेचं व्याज मात्र कायद्याची वाट बघत नाही.

तरी तपासनिसाच्या बाजूनं मी भाच्याशी भांडतो. तो वैतागून म्हणतो, पाच मायक्रॉननं काय बिघडतं? मी सांगतो, तुझ्या पाच मायक्रॉनला मी उणे पंचवीसमध्ये भेटलोय. तपासणीत वेळ जातो तो सत्कारणी. वाट बघण्यात जातो तो कापायचा, आणि नेमका तोच कापला जात नाही.

झाकणाबद्दल मी शेवटी कंपनीच्या डिझाइनवाल्यांशी फोनवर बोललो. जी मुलगी ते काम बघते तिनं सगळं नीट ऐकलं, लडाखचे फोटो मागितले, मोज्याची जाडी किती ते विचारलं. “काका, हे आम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही,” ती म्हणाली. कसं सांगणार? तिची आणि झाकण हरवणाऱ्या पोराची भेट होईल अशी खिडकी खरेदीच्या त्या जाडजूड पुस्तकात फार उशिरा उघडते. पण चाचणीत पास झालेल्या वस्तूचं ड्रॉइंग बदलायचं तर पुन्हा मंजुरी घ्यावी लागते, आणि दंडाचं घड्याळ चालू असताना ती मागायला कंपनी तयार नव्हती. पहिला लॉट जसाच्या तसा गेला. पुढच्या लॉटसाठी तिनं रुंद आटा, नर्लिंग आणि भोक असा बदल मांडला आणि बऱ्याच पत्रापत्रीनंतर तो मंजूर झाला.

नोव्हेंबर २०२५ पासून महसुली, म्हणजे रोजच्या वापरातल्या मालाच्या, खरेदीची नवी नियमावली लागू झालीय. देशात पहिल्यांदा विकसित होणाऱ्या वस्तूंसाठी उशिराचा दंड आठवड्याला अर्ध्याऐवजी ०.१ टक्का केलाय आणि विकसनाच्या काळात तो लावायचाच नाही, असं त्यात आहे. भाच्यानं ते पान छापून नोटीस बोर्डावर लावलंय. माझ्या मते हे योग्य पाऊल आहे. दंडाची भीती कमी झाली तर कंपनी चूक वेळेत सांगेल, बदल मागायला धजेल. सहीवाल्या साहेबांची भीती कशी कमी करायची, ते मात्र कुठल्याही नियमावलीत सापडलं नाही. ऑपरेशन सिंदूरनंतर जून २०२५ मध्ये मंत्रालयानं तातडीचे १३ करार जाहीर केले, जवळजवळ १,९८२ कोटींचे. ड्रोन, जॅकेटं, हेल्मेटं, रायफलींच्या रात्रीच्या दुर्बिणी. ती बातमी वाचताना माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता, की यातल्या कितींबरोबर सुट्या भागांची पेटी आली असेल.

सध्या आमच्याकडं झाकणवाल्या त्याच कंपनीची सुट्या भागांची चौकशी आलीय, या वेळी यादी करारातच आहे. यंत्रांच्या दोन टक्के झाकणं पुरेशी आहेत, असं त्यांचा खरेदी विभाग म्हणतो. त्यांच्या संगणकातल्या सूत्रानुसार तेवढीच निघतात. मी लिहून पाठवलंय की प्रत्येक यंत्रामागं दोन झाकणं आणि चार रबरी रिंगा द्या, खर्च वाढतो किती तो बघा. भाचा म्हणतो, मामा, ऑर्डर वाढावी म्हणून आपण असं लिहिलंय असं वाटेल त्यांना. वाटू दे. खरेदीवाल्या साहेबांनी कळवलंय की आकड्याला आधार दाखवा. आधार म्हणून मी त्या हिवाळ्यातल्या माझ्या दोष-अहवालाची प्रत मागवायच्या खटपटीत आहे, आणि तिच्यासाठी अर्ज कुठल्या कार्यालयाकडं करायचा, हे ठरायला पहिला आठवडा गेलाय.